खेळगटातलं चौथं घर

पहिलीच्या पालकांना आमची शाळा ऑगस्टमध्ये एक कागद देते. पाठपोट छापलेला, कोपऱ्यात हसऱ्या पेन्सिलीचं चित्र आणि वर ठळक अक्षरात, ‘मूल पहिलीत जाताना आपल्याला माहीत असावं असं काही’. जेवणाचा डबा मुलाला स्वतःला उघडता यायला हवा. चिखलाचे बूट आणि जादा मोजे शाळेत ठेवा, त्यावर नाव घाला. वाचता येत नाही म्हणून घाई करू नका, शेजारच्या मुलीशी तुलना तर मुळीच करू नका. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आपल्या मुलांसमोर वाईट बोलू नका. असे एकोणीस मुद्दे आहेत आणि एकूण एक माझे आहेत. माझी मुलगी रोसा पहिलीत गेली त्या वर्षी मी वर्गाची पालक-प्रतिनिधी होते. मला लिहायची हौस आहे, आणि दुसऱ्यांनी कसं वागावं हे मला लहानपणापासून फार छान कळतं.

तो कागद शेवटपर्यंत वाचलेला एकच पालक मला माहीत आहे. बाकीच्यांनी तो फ्रिजवर चुंबकाखाली अडकवला आणि वर पोहण्याच्या क्लासचं वेळापत्रक लावलं. एस्किलने मात्र तो वाचला, घडी घालून वहीत ठेवला आणि वर्षभर त्याबरहुकूम वागला. हे एस्किलबद्दल आहे. सांगण्याचा हक्क मला नाही, पण बाकी कोणी सांगणार नाही हेही मला ठाऊक आहे.

एस्किल आणि मी टोर्बी नावाच्या खेड्यातल्या शाळेत एका वर्गात होतो. चौदा मुलं, एकच खोली. त्याचा बाप ओगे घरोघरी जाऊन डुकरं कापून द्यायचा. थंडी पडली की प्रत्येक शेतघरातून बोलावणं यायचं आणि ओगे आपल्या सुऱ्या, तसराळी आणि पाणी उकळायचा मोठा हंडा गाडीत घालून निघायचा. त्याने केलेले सॉसेज गावात सगळ्यांच्या ताटात असायचे. एस्किलच्या स्वेटरला उकळत्या पाण्याचा आणि डुकराच्या ओल्या केसांचा वास यायचा. त्याला कुणी चिडवलं नाही हो. आम्ही चांगल्या घरची मुलं होतो. आम्ही फक्त त्याच्या घरी कधी खेळायला गेलो नाही. “तिथे रक्त सांडलेलं असतं, कपडे खराब होतील,” असं माझी आई म्हणायची, आणि संध्याकाळी ओगेनेच केलेलं लिव्हरचं वाटण ब्रेडवर थापून मला द्यायची.

पुढे एस्किलने बापाचंच काम उचललं. धिप्पाड, सावकाश बोलणारा, एक प्रश्न विचारला तर आधी त्यावर विचार करणारा माणूस. त्याची नखं माझ्या नखांपेक्षा स्वच्छ असतात. शाळेच्या प्रत्येक सभेला तो आंघोळ करून, ओल्या केसांनी यायचा आणि खिडकीजवळची खुर्ची धरायचा. खिडकी उघडी असावी म्हणून, हे मला फार उशिरा लक्षात आलं. मुलगी विग्गा तीन वर्षांची असताना त्याची बायको ऑरहूस शहरात निघून गेली. भांडणतंटा झाला नाही. तिला शहर हवं होतं, त्याला कोंबड्या. मुलगी बापाकडे राहिली आणि एकाआड एक शनिवार-रविवार आईकडे जायला लागली.

टोर्बीची शाळा बंद झाली तशी तिथली पाच मुलं आमच्या शहरातल्या शाळेत पहिलीत आली. बसने यायची. त्यात विग्गा होती. पुढचे दोन दात पडलेले, वेणी बापाने घातलेली, त्यामुळे घट्ट आणि जराशी डावीकडे.

ऑगस्टच्या पहिल्या सभेत आम्ही सगळे मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. वर्गशिक्षिका बेनेडिक्टेने कॉफी ठेवली होती. एस्किलने वही उघडली.

“जादा मोजे किती जोड?” त्याने विचारलं.

“दोन पुरेत,” बेनेडिक्टे म्हणाली.

“लोकरीचे?”

माझ्या शेजारी बसलेल्या निकोलीनने मला कोपराने ढोसलं. निकोलीनचं फर्निचरचं दुकान आहे आणि घर असं, की दारात बूट काढतानाच माणसाला आपल्या मोज्यांची लाज वाटावी. तिचा मुलगा स्टॉर्म माझ्या रोसाच्या बाकावर बसायचा. मीही हसले. मोठ्याने नाही. माझ्याकडे पाहून ती हसली याचंच मला बरं वाटत होतं.

“खेळगटाबद्दल विचारायचं होतं,” एस्किल म्हणाला. “सातवा मुद्दा.”

खेळगट आमच्याकडे पहिलीत असतातच. चार-चार मुलांचे गट शाळा पाडते, आवडीनिवडी न बघता. दर काही आठवड्यांनी गुरुवारी चारही मुलं एकाच्या घरी जायची, तिथेच जेवायची, सहा वाजता बाकीच्यांचे आईबाप न्यायला यायचे. मग पुढच्या वेळी दुसरं घर. सगळ्या मुलांनी सगळी घरं बघावीत, कुणी एकटं पडू नये, हा हेतू. हे वाक्यही माझंच.

“इथे लिहिलंय, करमणुकीचा कार्यक्रम करू नका, मुलांना तुमच्या घरचं रोजचं आयुष्य दाखवा. म्हणजे नक्की काय करायचं?”

“काही खास करायचं नाही, एस्किल,” मी समजावून सांगितलं. लोकांना समजावून सांगताना माझा आवाज फार गोड होतो. “तू एरवी जे करतोस तेच. फक्त मुलांना हाताशी घ्यायचं. लाकडं फोडत असशील तर लाकडं, स्वयंपाक करत असशील तर स्वयंपाक.”

“मी एरवी करतो तेच?”

“तेच तर!”

त्याने ते लिहून घेतलं.

सभा संपल्यावर सायकली लावतात तिथे तो माझी वाट बघत थांबला होता. त्याची विग्गा, माझी रोसा, निकोलीनचा स्टॉर्म आणि माल्टे नावाचा एक बुजरा मुलगा, असा गट पडला होता.

“मेरेटे, गट चांगला आहे ना गं?”

“उत्तम आहे.”

“म्हणजे सगळे येतील. माझ्याकडेसुद्धा.”

“अरे, म्हणजे काय? नियमच आहे तसा.”

“हो, नियम आहे ते बरंय,” तो म्हणाला. “माझ्या वेळी नव्हता. मला स्वतःचं काही नाही, मला सवय झाली. पण विग्गाच्या घरी कुणीतरी यावं. ती आत्ताच खोली आवरायला लागलीय, आणि आपला नंबर नोव्हेंबरात.”

मी त्याच्या दंडावर थोपटलं आणि सायकलवर बसले. एवढं एकच मागणं होतं त्याचं. आख्ख्या वर्षाचं.

पहिला नंबर निकोलीनचा. तिने मुलांना उड्या मारायच्या जागी नेलं, आइसक्रीम खाऊ घातलं आणि परत येताना प्रत्येकाच्या हातात खेळण्यांची पिशवी दिली. सातव्या मुद्द्याचा सगळ्या बाजूंनी बोजवारा. शाळेच्या ॲपवर तिने फोटो टाकले आणि त्याखाली सगळ्यात आधी मीच लिहिलं, ‘किती मज्जा!’ मग माझं घर. मी मुलांना बन भाजायला लावले. फोटोतले बन सुंदर होते, कारण ते बेकरीतले होते; मुलांचे दगड झाले होते. माल्टेच्या घरी मुलं तीन तास पडद्यासमोर बसून आली. कुणी कुणाला काही बोललं नाही. नियम लिहिलेले असले की ते पाळल्यासारखं वाटतं.

नोव्हेंबरात एस्किलने मला चार वेळा फोन केला. कुणाला काही खाल्लं की पुरळ उठतं का? माल्टे कुत्र्याला भितो का? रोसा कांदा खाते ना? गुरुवारी सहा वाजता मी रोसाला आणायला गेले. निकोलीनला दुकानात उशीर होणार होता, म्हणून स्टॉर्मलाही मीच आणणार होते.

स्वयंपाकघराच्या काचा वाफेने पांढऱ्या झाल्या होत्या. टेबलाभोवती चार मुलं, चौघांच्या अंगात एप्रन. एस्किलने आपला एक जुना कामाचा एप्रन कापून, कडा दुमडून, हाताने शिवून चार लहान केले होते. मुलं कोंबडीचं सूप ओरपत होती, त्यात कणकेचे गोळे. एरवी माझ्या घरी सूपमधली कोथिंबीर निवडून बाजूला काढणारी रोसा दुसऱ्यांदा वाडगा पुढे करत होती. विग्गा प्रत्येकाच्या मागे उभी राहून विचारत होती, “अजून? तुला अजून?” इतका वेळ ती बहुतेक जेवलीच नव्हती. एस्किल चुलीपाशी हात पुसत उभा होता आणि त्याचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा होता. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ओळखत असलेल्या माणसाचा.

गाडीत बसल्या बसल्या दोघांनी एकदम तोंड उघडलं.

“आई, कोंबडीच्या पोटात अंडी रांगेत असतात!” रोसा म्हणाली. “आजचं मोठं, उद्याचं जरा लहान, परवाचं आणखी लहान...”

“शेवटचं मोहरीएवढं!” स्टॉर्म ओरडला. “मी मोजली. तेवीस!”

“आणि पिसं आम्ही काढली. गरम पाण्यात बुडवली की सुटतात. माल्टेला किळस आली. मग एस्किल म्हणाला, ठीक आहे, सूपला गाजरंही लागतात. मग त्याने गाजरं सोलली.”

“कोंबडी मारली कुणी?” मी विचारलं.

“आम्ही गेलो तेव्हा मेलेलीच होती. एस्किल म्हणाला, ते काम मी पहाटेच उरकून ठेवलं, ते तुम्ही बघायची गरज नाही.”

“मला बघायचं होतं,” स्टॉर्म हिरमुसून म्हणाला. “विग्गाचं घर सगळ्यात भारी आहे. परत कधी आहे?”

रोसाच्या केसात दोन पिसं होती. घरी गेल्यावर ती तिने काढू दिली नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकोलीनचा फोन आला.

“मेरेटे, त्या घरात काय झालं तुला कळलं का? मुलांसमोर कोंबड्या कापल्या म्हणे! सात वर्षांच्या पोरांच्या हातात सुऱ्या! स्टॉर्मने आज नाश्त्याला अंडं खाल्लं नाही. मला विचारतो, हे उद्याचं होतं का परवाचं? सांग, काय बोलणार मी?”

मुलांसमोर काही कापलं नव्हतं. सुरी होती ती गाजरं सोलायची. हे मला ठाऊक होतं, तिच्याच मुलाच्या तोंडून. ‘अगं, कोंबडी आधीच मारलेली होती आणि तुझा लेक नाचत घरी आला’, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते माझ्या जिभेवर होतं. पण निकोलीन पुढे म्हणाली, “मी मुद्दाम तुलाच फोन केला. तुला अशा गोष्टी बरोबर हाताळता येतात,” आणि ते वाक्य मी गिळलं. डिसेंबरात तिच्या घरी आठ निवडक जोडप्यांचं जेवण होतं. मला तिच्या टेबलावर बसायचं होतं. यापेक्षा मोठं कारण असतं तर मी ते आनंदाने सांगितलं असतं.

“तू एस्किलशी बोलतेस का?” मी विचारलं. चौदावा मुद्दा: काही खटकलं तर त्या पालकाला थेट सांगा, पाठीमागे बोलू नका.

“नको गं बाई! दुखावला जाईल. माणूस चांगलाच आहे तो. आणि एकटा आहे बिचारा. त्याला न दुखवता काही करता येईल का बघ.”

“बघते,” मी म्हणाले.

आठवड्याभरात ही गोष्ट वर्गातल्या सगळ्या पालकांपर्यंत पोचली होती आणि पोचेपर्यंत कोंबडीचं डुक्कर झालं होतं. माल्टेची आई मला दुकानात भेटली, तर डोळे मोठे करून म्हणाली, “डुकराचं रक्त ढवळायला लावलं म्हणे!” मी खांदे उडवले. खांदे उडवणं म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही. एस्किलला यातलं अक्षर कुणी सांगितलं नाही. शाळेच्या दारात सगळे त्याला हसून हात करायचे, पूर्वीपेक्षा जास्तच.

निकोलीनच्या टेबलावर मला जागा मिळाली. बदक चांगलं झालं होतं.

जानेवारीत मी नवीन वेळापत्रक काढलं. गटात मुलं चारच, पण घरं तीन. एस्किलला वेगळा निरोप पाठवला: ‘एस्किल, तू एकटा सगळं सांभाळतोस, कामाला पहाटे निघतोस. आम्हा सगळ्यांना वाटलं, तुला उगाच त्रास नको. म्हणून या वर्षी तुझा नंबर धरलेला नाही. विग्गा अर्थातच सगळीकडे येईल!’ शेवटी एक हसरा चेहरा आणि एक सूर्यफूल.

त्याचं उत्तर आलं: ‘तुम्ही एवढा विचार केलात. आभार.’

शनिवारी तो दारात उभा. कागदात गुंडाळलेली, साफ केलेली कोंबडी हातात.

“तुझ्यासाठी. आत येत नाही, बूट ओले आहेत. तुम्ही लोकांनी माझा विचार केलात ते मला... म्हणजे मला वाटलं नव्हतं.”

“अरे, त्यात काय एवढं! तुला उगाच त्रास नको, एवढंच.” रोसा माझ्या मागे पॅसेजमध्ये उभी होती. ऐकत होती.

“पण खरं सांगू का, मला त्रास झाला नव्हता,” तो म्हणाला. “विग्गाने पुढच्या वेळची यादी करून ठेवलीय. सशांना पिल्लं झालीत ती दाखवायची, मग लाकडाची बोट...”

“पुढच्या वर्षी बघू ना.”

“हो. पुढच्या वर्षी,” तो म्हणाला आणि मान हलवली. तेव्हाच मला कळायला हवं होतं, हा माणूस ते लिहून घेणार.

कोंबडी मी शिजवली. तिच्या पोटातल्या अंड्यांची रांग त्याने तशीच ठेवली होती, रोसाला दाखवायला म्हणून. मी ती कचऱ्यात टाकली आणि रोसाला सांगितलं, नव्हती.

त्या वसंतात विग्गा सगळ्यांच्या घरी आली. येताना नेहमी काहीतरी आणायची, जॅमची बाटली नाहीतर सहा अंडी, आणि दारात उभी राहून द्यायची, भाडं भरल्यासारखी. सुरुवातीला जेवताना विचारायची, “रोसाची आई, आमच्याकडे कधी?” मी म्हणायचे, “अगं, तुझ्या बाबांना त्रास होतो ना.” ती म्हणायची, “नाही होत.” मी विषय बदलायचे. माझी रोसाही विचारायची, विग्गाकडे कधी जायचं? तिलाही तेच उत्तर. ईस्टरपर्यंत दोघींनी विचारणं सोडलं. मला सुटल्यासारखं झालं. मुलं किती पटकन विसरतात, असं मी नवऱ्याला म्हणाले सुद्धा.

मेच्या शेवटी वर्षाची अखेरची सभा. तीच बुटकी खुर्ची, तीच कॉफी. बेनेडिक्टेने सांगितलं, सगळी मुलं वाचायला लागली, काही हळू, काही भरभर, पण सगळी. टाळ्या झाल्या. मग पुढच्या वर्षीच्या खेळगटांचा विषय आला आणि एस्किल उभा राहिला. सभेत आमच्याकडे कुणी उभं राहत नाही. त्याच्या हातात वही होती.

“या वर्षी तुम्ही मला मोकळीक दिलीत,” तो म्हणाला. “पुढच्या वर्षी नको. मी गुरुवारचं काम सोडलं. तीन शेतघरांना सांगून टाकलं, गुरुवारी मी नाही. त्यांनी दुसरा माणूस बघितला. तर पहिला नंबर मला द्या. ऑगस्टमध्येच.”

कुणीतरी थर्मासचं झाकण उघडझाप करत राहिलं. मग हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“मला वाटतं,” निकोलीन म्हणाली, “दुसरीत मुलं मोठी झालेली असतात. त्यांना आपले मित्र आपण निवडू द्यावेत का?”

आणि मी, तो कागद लिहिणारी मी, म्हणाले, “खरं म्हणजे माझ्याही मनात होतंच. खेळगट बंदच करावेत का?”

माझ्या मनात तोपर्यंत असं काही नव्हतं. पण पुढच्या पाच मिनिटांत वीस पालकांना वीस कारणं सापडली. गुरुवारी फुटबॉल असतो. लहान भावंडं असतात. मुलं दमतात. माल्टेची आई तर म्हणाली, कुणाकडेच जबरदस्ती नको, हे किती लोकशाहीला धरून आहे! एका माणसाला एक वाक्य सांगायचं टाळण्यासाठी आम्ही अख्खा रिवाज मोडीत काढला, आणि आमच्यातल्या कुणालाही लाज वाटली नाही. उलट सुटका झाली. हात वर करून मतं घेतली. सगळे हात वर गेले, एक सोडून.

एस्किलने चहूकडे पाहिलं. “मला ते आवडत होते,” तो म्हणाला. मग वही उघडून, “कुणाला काही खटकलं का? माझ्याकडचं? चौदावा मुद्दा आहे. मला थेट सांगा, मी रागावणार नाही. चूक असेल तर सुधारता येईल.”

“छे छे!” निकोलीन म्हणाली.

“काहीतरीच काय, एस्किल!” मी म्हणाले.

“अजिबात नाही हं!” तीन-चार जण एकदम म्हणाले आणि कुणीतरी त्याला केकचा तुकडा दिला.

तो बसला. इतिवृत्त मी लिहिलं: ‘खेळगट बंद करण्याचं पालकांनी सहमतीने ठरवलं.’ एक हात खाली होता हे लिहिलं नाही. केक तो तसाच हातात धरून बसला होता, सभा संपेपर्यंत.

खेळगट बंद झाले, पण गुरुवार चालूच राहिले. कधी आमच्याकडे, कधी निकोलीनकडे, कधी माल्टेकडे. आता त्याला खेळगट म्हणत नव्हतो, एवढंच. विग्गा बसने घरी जायची, जिथे गुरुवारचं काम सोडलेला बाप असायचा.

जूनमध्ये रोसाला आठ वर्षं पूर्ण होणार होती. मुलींना बोलवायचं तर वर्गातल्या सगळ्या मुलींना, अशी आमची पद्धत. तिच्याशिवाय नऊ मुली होत्या. ती पाकिटांवर नावं घालत बसली. आता तिला सगळी नावं लिहिता येत होती. मी मोजली तर आठ.

“विग्गा राहिली,” मी म्हणाले.

“तिला नाही बोलवायचं,” रोसा म्हणाली. “तिला लांबून यावं लागतं, आणि तिच्या बाबांना एकट्याला सगळं करावं लागतं. तिला उगाच त्रास नको.”

गोड आवाजात म्हणाली. मान किंचित कलती करून. माझा आवाज, माझी मान. तिच्या चेहऱ्यावर कपट औषधाला नव्हतं; आपण काही चांगलं बोललो असंच तिला वाटत होतं. मी तिच्यावर ओरडले. कधी नव्हे इतकी ओरडले. ती रडायला लागली. “मी वाईट काहीच नाही बोलले! तू पण असंच म्हणतेस!” ती म्हणाली. नववं पाकीट मी लिहिलं आणि तिच्याकडून खाली नाव घालून घेतलं.

आठ मुलींची उत्तरं आली. विग्गाचं आलं नाही. वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मीच फोन केला.

“एस्किल, रोसाचं पत्र मिळालं ना? विग्गा येतेय ना?”

“मिळालं की. छान होतं पत्र,” तो म्हणाला. “पण ती नाही म्हणते.”

“का रे? बरी आहे ना?”

“बरी आहे. कोंबड्यांना दाणे टाकतेय. मी म्हटलं, अगं जा, मी गाडीने सोडतो, भेटवस्तू आणून ठेवलीय. तर मला म्हणाली, ‘नको बाबा, रोसाला उगाच त्रास नको.’ हसून म्हणाली. फार गोड आवाजात.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मी दोन दिवस विचार करतोय,” तो म्हणाला. “आमच्या घरी असं कुणी बोलत नाही, मेरेटे. शाळेत शिकली असावी.”

“असेल,” मी म्हणाले.